माफक किमतीत माउंटन बाइक घेताना...

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या उचगावातून एका अंगाला शिरोलीची, तर दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत सायकलच्या टप्प्यात येते. गावाभोवती उसातून जाणाऱ्या पाणंदी आहेत आणि रविवारी पहाटे कोल्हापूर शहर ओलांडून पन्हाळ्याकडे निघणारी हौसही आहे. या तिन्ही कामांना पुरेल अशी सायकल पंधरा हजारांच्या आसपास शोधणारा ग्राहक दुकानात शिरला, की त्याच्यापुढे बहुधा दोन्ही चाकांना शॉकअप, डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअर असलेली चकचकीत सायकल उभी केली जाते. नेमकी तीच टाळणे शहाणपणाचे.

माउंटन बाइकचा जन्म १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात झाला. तेथील तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून सोडत. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असे. तो तापून आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. १९७६ साली सुरू झालेल्या तेथील शर्यतीचे 'रीपॅक' हे नाव त्यावरूनच पडले. त्या सायकलींना शॉकअप नव्हते. दणकट फ्रेम आणि जाड टायर यांवरच सारे निभावले.

स्वस्त सायकलचा मागचा शॉकअप म्हणजे जड स्प्रिंग आणि झिजणारे सांधे. चढावर पायडलला दिलेला जोर चाकाऐवजी काही अंशी ती स्प्रिंग दाबण्यातच खर्ची पडतो. पुढचा शॉकअप असला तर हरकत नाही, नसला तरी अडत नाही. दोन इंच रुंदीच्या टायरमध्ये हवा ४० पीएसआयच्या आसपास ठेवली तरी खड्ड्यांचा दणका बराच मऊ होतो. वाचलेले पैसे ॲल्युमिनिअमच्या दुहेरी भिंतीच्या रिमवर खर्चावेत. लोखंडी रिम पावसात भिजली की तिच्यावर ब्रेकची रबरे पुरेशी धरत नाहीत.

गिअरच्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही. एकवीसपैकी अनेक जोड्या जवळजवळ सारखाच वेग देतात. पाहायचे ते पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते. दोन्हीकडे २८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात २६ इंची चाक सुमारे दोन मीटर पुढे जाते. पुढे २४ आणि मागे ३४ असतील तर दीड मीटरपेक्षाही कमी. बिनगिअरच्या जुन्या काळ्या सायकलीत हेच अंतर पाच मीटरच्या घरात असे. पन्हाळा भोवतालच्या प्रदेशापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. वाघबीळच्या पुढचा चढ नवख्याला उतरून ढकलत न्यावा लागतो की बसून पार करता येतो, हे या दात्यांवर बरेच अवलंबून असते.

खरी कसोटी उतारावर. स्वस्त तारेच्या डिस्कपेक्षा चांगले व्ही-ब्रेक अधिक भरवशाचे. त्यांची रबरे थोड्या पैशांत मिळतात आणि कोपऱ्यावरचा मिस्त्रीही ती बदलून देतो. पावसाळाभर चिखलातून जाणाऱ्याने मात्र डिस्कचा विचार करावा, कारण चिखल रिमही झिजवतो.

सायकलवर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर वरच्या नळीपासून किमान दोन इंच मोकळी जागा हवी. मुलासाठी शाळेच्या गणवेशाप्रमाणे 'वाढत्या अंगाची' सायकल घेण्याची पालकांची सवय येथे धोक्याची ठरते; गरजेच्या क्षणी पाय जमिनीला पोहोचत नाहीत.

सायकलींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल पाहून घ्यावे. नवी सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते आणि उरलेली जोडणी दुकानात होते. म्हणून पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर स्पोक ताणून चाकाचा आउट काढून घ्यावा. ठरवलेल्या रकमेतील दीड-दोन हजार हेल्मेट, हवेचा पंप आणि मागच्या लाल दिव्यासाठी आधीच बाजूला काढावेत. गळीत हंगामात संध्याकाळच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या वाहनचालकाला सायकलस्वार दिसतो तो त्या दिव्यामुळेच.