कोतवाल बुकापासून लॉग सर्व्हरपर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात, किंबहुना सर्व विदर्भात, जातीचा वा जन्मतारखेचा जुना पुरावा हवा असला की लोक तहसील कार्यालयात ‘कोतवाल बुका’ची नक्कल मागतात. गावातील जन्म-मृत्यूंची ही जुनी नोंदवही. पुष्कळ नोंदींत बाळाचे नावही नसते. तारीख, वडिलांचे नाव, जात, मुलगा की मुलगी एवढेच असते. पण त्या एका ओळीवर आज नातवंडांचे प्रवेश अवलंबून असतात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा अशाच वह्या आणि शाळांची जनरल रजिस्टरे उघडावी लागली.

या वह्यांच्या काळात राज्ये बदलली. बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, १९५० नंतर मध्यप्रदेशात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. लिहिणारे बदलले, वरिष्ठ बदलले, पण वही चालू राहिली. लिहिणारा बदलला तरी नोंद का टिकावी आणि कशी टिकवावी, हाच प्रश्न आज संगणकशास्त्रात नव्या रूपात उभा आहे.

संगणकही रोजकीर्द ठेवतो. कोण आत आले, काय बिघडले, कोणती फाईल पुसली गेली, हे तो वेळेसह लिहीत जातो. या नोंदीला ‘लॉग’ म्हणतात. शब्द जहाजावरून आला आहे. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडीत, ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या यावरून जहाजाचा वेग मोजीत आणि तो वहीत लिहीत. त्या लाकडाचे नाव वहीला मिळाले. १९८०च्या दशकात अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ‘सिसलॉग’ ही पद्धत तयार केली. तिने अनेक संगणकांच्या नोंदी एका मध्यवर्ती संगणकाकडे पाठवता येऊ लागल्या.

मध्यवर्ती कशासाठी? कारण संगणक बंद पडला की त्याची वही त्याच्याबरोबरच बंद पडते, आणि घुसखोर आत शिरला की आधी वहीच पुसतो. गावातली वही गावातच राहिली, तर गावाला लागलेली आग तिलाही लागते. म्हणून नोंद तालुक्याला हवी. पण येथेच दुसरी अडचण सुरू होते. सगळ्यांच्या नोंदी एका ठिकाणी आल्या, तर ते ठिकाण बंद पडताच सगळेच आंधळे होतात. शिवाय नोंदीची गरज सर्वांत जास्त असते ती बिघाडाच्याच वेळी!

उपाय सोपा वाटतो : दोन सर्व्हर ठेवावेत. पहिला दर काही क्षणांनी ‘मी जिवंत आहे’ असा संदेश दुसऱ्याला पाठवतो. संदेश थांबला की दुसरा काम हाती घेतो. यालाच फेलओव्हर म्हणतात. पाठवणाऱ्याला हा बदल कळावाच लागत नाही. पाकिटावर आपण व्यक्तीचे नाव घालत नाही, ‘मा. तहसीलदार, चिखली’ असे लिहितो; साहेबांची बदली झाली तरी पत्र पोचते. सर्व्हरच्या जोडीलाही असाच एक सामाईक पत्ता देतात. त्या क्षणी जो कामावर असेल त्याच्याकडे तो पत्ता जातो.

पण संदेश थांबला म्हणजे पहिला मेलाच, असे कशावरून? कदाचित दोघांमधली तारच तुटली असेल. मग दोघेही स्वतःला मुख्य समजून लिहू लागतात, आणि दोन वह्यांत १०१ क्रमांकाच्या दोन वेगळ्या नोंदी होतात. यावरचा तोडगा बहुमताचा. तीन सर्व्हर ठेवायचे आणि किमान दोघांनी लिहिली तरच नोंद पक्की मानायची. एकटा पडलेला सर्व्हर लिहिणे थांबवतो. तिघांत एक गेला तरी काम चालते, पाचांत दोन गेले तरी चालते. लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘पॅक्सोस’ (१९९८ साली प्रसिद्ध) आणि नंतरची ‘राफ्ट’ (२०१४) या रीती याच विचारावर उभ्या आहेत.

तिसरा धोका वाटेतला. जुनी सिसलॉग पद्धत साध्या पोस्टकार्डासारखी होती; पोचपावती नसे. फेलओव्हर होत असताना चार-पाच क्षणांत आलेली पोस्टकार्डे हरवली तर कोणाला कळणारही नाही. म्हणून पाठवणाऱ्यानेच पोच मिळेपर्यंत आपली प्रत जपून ठेवायची असते.

एवढे करूनही भागत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार थांबले, ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. दूरसंचार जोडण्या दोन कंपन्यांच्या होत्या. दोन्हींत बिघाड झाला. चेन्नईला पर्यायी केंद्र होते, पण व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. राखीव व्यवस्था असणे वेगळे आणि वेळेवर कामी येणे वेगळे. आणखी एक : मुख्य सर्व्हरवर चुकून पुसलेली नोंद जोडीदाराकडेही तत्काळ पुसली जाते. तेव्हा अधूनमधून घेतलेली वेगळी प्रत हवीच.

हे सारे शाळेपासून दूर नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या सुधारित कायद्यानुसार, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे, आणि जन्म-मृत्यूंच्या नोंदींचा संगणकीय साठा राष्ट्रीय पातळीवर ठेवायचा आहे. म्हणजे कोतवाल बुकाची जागा सर्व्हरने घेतली आहे.

शिक्षकांना हे वर्गात करून दाखवता येईल. तीन विद्यार्थ्यांना एकेक वही द्यावी, बाकीच्यांनी चिठ्ठ्यांवर नोंदी पाठवाव्यात. मध्येच एकाला न सांगता बाहेर बोलवावे, नंतर परत आत पाठवावे. त्याच्या वहीतली गाळलेली पाने कोणी, कोणत्या क्रमाने भरायची, यावर मुलांचे एकमत व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे.