गाळाची रेघ आणि ग्रामोफोन

नारायण पेठेतला आमचा वाडा पाडायचं ठरलं, तेव्हा माळा रिकामा करताना एक ग्रामोफोन खाली आला. लाकडी पेटीचा, कर्णा पेटीच्या पोटातच असलेला. पेटीवरचा लाकडाचा पातळ पापुद्रा सुटून वर आला होता. आतलं यंत्र गंजून दगड झालं होतं. आणि झाकणाच्या खाली चार बोटांवर, पेटीला चारही बाजूंनी वेढा घालणारी एक मातकट रेघ होती.

ती रेघ १२ जुलै १९६१ ची. त्या दिवशी सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मी नऊ वर्षांचा होतो. आई आम्हा भावंडांना घेऊन पर्वतीकडे पळाली. परत आलो तेव्हा ग्रामोफोन फडताळात जागच्या जागी होता, पण पाणी त्याच्या गळ्यापर्यंत येऊन गेलेलं. बाबांनी तो पुसला, माळ्यावर ठेवला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

आता त्याचं काय करायचं? जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्यानं लगेच तोडगा सुचवला. यंत्र काढून नव्या पेटीत बसवू, वर चकचकीत पितळी कर्णा लावू, दिवाणखान्यात शोभून दिसेल. अशी नवी-जुनी जोडलेली कर्णेवाली यंत्रं आपल्याकडे ढिगानं बनली आहेत आणि त्यांच्यासाठी कितीतरी चांगले जुने ग्रामोफोन मोडले गेले आहेत. ते मी नाकारलं. मग एक जाणते मिस्त्री भेटले. ते म्हणाले, ‘‘काका, कमान नवी टाकू, गव्हर्नर साफ करू, फिरेल. पेटी घासून पॉलिश मारली की नवी दिसेल. ही रेघबीघ काही राहणार नाही.’’

त्या शेवटच्या वाक्यानं मी अडखळलो.

घरातल्यांचं म्हणणं साधं होतं. ग्रामोफोन गाण्यासाठी असतो, तो वाजला पाहिजे. खालच्या कप्प्यातल्या सतरा तबकड्याही मिळाल्या होत्या. त्या पुरात पूर्ण बुडाल्या होत्या, पण धड होत्या. जुन्या तबकड्यांमध्ये दगडाची बारीक पूड आणि काजळी असते आणि हे सगळं एकत्र धरून ठेवते ती लाख. लाखेला पाण्याचं फारसं भय नाही. मधल्या कागदी चिठ्ठ्या मात्र गाळात विरघळून गेल्या होत्या. कोण गातंय, काय गातंय, काही कळायला मार्ग नव्हता.

त्यातली एक तबकडी वेगळी होती. तिच्या एकाच बाजूला गाणं होतं. मागच्या बाजूवर लेखणी घेतलेल्या देवदूताचं चिन्ह दाबलेलं होतं. म्हणजे ही ग्रामोफोन कंपनीची अगदी सुरुवातीच्या काळातली तबकडी, आजोबांनी घेतलेली. या कंपनीचे फ्रेड गायसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांच्यासह अनेकांची गाणी मुद्रित केली. तबकड्या मात्र छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना आपली भाषा कुठून कळणार? म्हणून गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव सांगत असे, म्हणजे चिठ्ठी चुकायची नाही. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि पुढे ही पद्धत मागे पडली.

म्हणजे चिठ्ठी गेली तरी नाव तबकडीतच असणार! आमचा ग्रामोफोन तर बंद. म्हणून एका संग्राहक स्नेह्यांकडे गेलो. त्यांच्याकडे विजेवर चालणारं, हलक्या सुईचं यंत्र आहे. खरखरीतून एका बाईंचा आवाज वर आला, बारीक आणि धारदार. तीनेक मिनिटांत गाणं संपलं. मग त्या काहीतरी बोलल्या. आम्ही पाच वेळा ऐकलं. बोलताहेत एवढं कळतं, नाव कळत नाही. स्नेह्यांनी भिंगातून पाहिलं. तबकडीच्या आतल्या टोकाच्या खाचा झिजून सपाट झाल्या होत्या.

हे पुरानं केलेलं नव्हतं, आम्हीच केलं होतं. जुन्या ग्रामोफोनचा साऊंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जड असतो आणि तो सगळा भार पोलादी सुईच्या टोकावर येतो. तबकडीतली दगडाची पूड सुईला घासते आणि बोथट सुई खाचा खरवडते. म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची असे. आमच्याकडे काटकसर म्हणून एक सुई दहादहा वेळा चाले, हे मला पक्कं आठवतं. आणि सुई आतल्या टोकाला पोचेपर्यंत जास्तच बोथट झालेली असे. नाव होतं नेमकं तिथेच.

तेव्हा माझं ठरलं. ‘वाजवण्यासाठी दुरुस्त करा’ हे कारण मला पुरेना, कारण ज्या तबकड्यांसाठी दुरुस्ती करायची, त्यांनाच ते यंत्र खाणार होतं. आणि ‘नव्यासारखा करा’ म्हणजे आमच्या घरात उरलेली पुराची एकमेव खूण पुसून टाका. पानशेतबद्दल पुस्तकांतून पुष्कळ वाचायला मिळतं, पण पाणी आमच्या घरात कुठवर आलं होतं, ते आता फक्त ही पेटी सांगते. वाडा तर गेलाच.

मिस्त्रींना मी एवढंच करायला सांगितलं. गंज थांबवा. कमान नवी टाका, पण तुटलेली जुनी कमान पेटीतच जपून ठेवा. सुटलेला पापुद्रा सरसानंच चिकटवा, म्हणजे पुढे कुणाला वाटलं तर पाण्यानं, उष्णतेनं तो पुन्हा सोडवता येईल. पॉलिश नाही. रेघेला हात नाही. मिस्त्री थोडे नाराज झाले. ‘‘काका, लोक म्हणतील काम अर्धवट सोडलंय,’’ ते म्हणाले. काम मात्र त्यांनी मन लावून केलं.

सतराही तबकड्यांचं संगणकावर मुद्रण करून घेतलं आणि मूळ तबकड्या कापडात गुंडाळून उभ्या ठेवल्या. ग्रामोफोनवर आता जुन्या बाजारातून आणलेली, चार जणांकडे असेल अशी एखादी तबकडी लागते, तीही नवी सुई लावून. नातवंडं चावी भरतात आणि विजेशिवाय गाणं कसं येतं म्हणून कर्ण्यात डोकावतात. मग त्यांची बोटं रेघेवर जातात. ‘‘आजोबा, हे काय?’’ मग मी पुराची गोष्ट सांगतो.

त्या बाईंचं नाव मात्र अजून लागलेलं नाही. तबकडीवर एक क्रमांक दाबलेला आहे, त्याचा शोध चालू आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)