खार्टूम ठरावातले रकमांचे कलम

१ सप्टेंबर १९६७ चा अरब शिखर परिषदेचा खार्टूम ठराव लक्षात राहिला तो तीन नकारांमुळे: इस्रायलशी तह नाही, त्याला मान्यता नाही, वाटाघाटी नाहीत. त्याच ठरावाच्या शेवटी रकमांचे एक कलम आहे. सौदी अरेबियाने ५ कोटी, कुवेतने साडेपाच कोटी आणि लिबियाने ३ कोटी पौंड दरवर्षी द्यायचे. ऑक्टोबरच्या मध्यापासून, दर तिमाहीला, आगाऊ. मुदत एवढीच, की इस्रायलच्या आक्रमणाचे परिणाम दूर होईपर्यंत.

या साडेतेरा कोटींतून इजिप्तला साडेनऊ आणि जॉर्डनला चार कोटी मिळायचे होते. इस्रायलशी त्या जूनमध्ये झालेल्या युद्धात इजिप्तचे सुएझचे उत्पन्न बंद पडले होते, सिनाईतल्या तेलविहिरी गेल्या होत्या. जॉर्डनने जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा गमावला होता.

देणाऱ्यांचा लाभही ठरावातच सापडतो. बगदादला जमलेल्या अरब मंत्र्यांनी तेलउपसा थांबवण्याची शिफारस केली होती. खार्टूमने ती बाजूला ठेवली आणि उपसा चालू ठेवणे हेच शस्त्र ठरवले. तेल विकायचे आणि त्यातून झळ बसलेल्यांना सावरायचे, असा हा व्यवहार होता.

यमनचा मात्र ठरावात उल्लेख नाही. १९६२ पासून तिथे इजिप्तचे सैन्य प्रजासत्ताकाच्या बाजूने लढत होते आणि सौदी पैसा पदच्युत राजा असलेल्या इमामाच्या पाठीशी होता. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर आणि सौदीचे राजे फैसल यांचा यमनविषयीचा समझोता याच परिषदेच्या दिवसांत, सुदानचे पंतप्रधान महजूब यांच्या घरी झाला. वर्षअखेरपर्यंत इजिप्तचे सैन्य माघारी गेले. मदतीच्या बदल्यात माघार, असे ठरावात कुठेही लिहिलेले नाही. म्हणून पैशाने माघार विकत घेतली असे म्हणणे धाडसाचे होईल. पराभवाने अटळ केलेली माघार पैशाने सोपी केली, एवढे तारखांवरून म्हणता येते.

कलमातली खरी ताकद १९७० च्या सप्टेंबरमध्ये दिसली. जॉर्डनचे राजे हुसेन यांच्या सैन्याने पॅलेस्टिनी संघटनांवर शस्त्र उचलताच कुवेत आणि लिबियाने जॉर्डनची मदत थांबवली. सौदीने चालू ठेवली. तोवर लिबियात राजेशाही जाऊन गद्दाफी आले होते. हप्ता चुकवल्यास काय, याबाबत ठराव गप्प होता. त्यामुळे वचन बेमुदत असले, तरी ते पाळायचे की नाही हे दात्याला दर तीन महिन्यांनी नव्याने ठरवता येत होते.