तीन महिन्यांतून एकदाच पाळी आणणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या किती सुरक्षित?

नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात 21 दिवस हार्मोनच्या गोळ्या असतात आणि उरलेले 7 दिवस गोळी नसते किंवा हार्मोन नसलेली गोळी असते. सरकारी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या 'माला-एन'मध्ये या 7 गोळ्या लोहाच्या असतात. विस्तारित चक्राच्या गोळ्यांत मात्र हार्मोनची गोळी सलग 84 दिवस घेतात, मग 7 दिवसांचा खंड असतो. त्यामुळे वर्षातून चारच वेळा रक्तस्राव होतो. अमेरिकेत 2003 साली 'सीझनेल' या अशा पहिल्या गोळीला मान्यता मिळाली.

रक्त आत साठून राहते का?

नाही. गोळ्यांमुळे गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते, त्यामुळे साठण्यासारखे फारसे काही नसते. 7 दिवसांच्या खंडात होणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसून हार्मोन थांबल्याचा परिणाम असतो. दर महिन्याला तो होणे आरोग्यासाठी गरजेचे नाही.

गर्भधारणा किती टळते?

नेहमीच्या गोळ्यांइतकीच. गोळी अचूक घेतल्यास वर्षभरात 100 पैकी एकीपेक्षाही कमी स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्षात गोळ्या चुकतात, म्हणून हे प्रमाण सुमारे 7 पर्यंत जाते. क्षयावरील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरील काही औषधांमुळे परिणाम कमी होतो.

त्रास आणि धोके

पहिल्या काही महिन्यांत मधूनच डाग पडणे किंवा रक्त जाणे हा सर्वाधिक आढळणारा त्रास आहे. तो हळूहळू कमी होतो.

रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. गोळी न घेणाऱ्या 10,000 स्त्रियांमध्ये वर्षाला 1 ते 5 जणींना, तर गोळी घेणाऱ्यांमध्ये 3 ते 9 जणींना गुठळी होते. गरोदरपणात हा धोका याहून जास्त असतो.

या गोळ्या कोणी टाळाव्यात?

- 35 वर्षांवरील धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया
- उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा पूर्वी गुठळी झालेल्या
- डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी होणाऱ्या
- स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या
- बाळंतपणानंतर पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या

पाळी पुढे ढकलण्याची गोळी वेगळी

गणपती, पूजा किंवा लग्नासाठी घेतली जाणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी म्हणजे ही गोळी नव्हे. ती थोड्या दिवसांपुरती असते आणि गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही.

हे लक्षात ठेवा

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्या. पाळी येत नसल्याने गर्भ राहिल्याचे उशिरा कळू शकते. गोळ्या चुकल्या असतील किंवा मळमळत असेल, तर घरच्या घरी चाचणी करा. पोटरी सुजून दुखणे, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाल्यास लगेच रुग्णालय गाठा. गोळी बंद केल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते.