खुर्ची नसलेलं वाद्य

वरातीत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट सगळ्यांना दिसतात. मागच्या रांगेत पोटाशी मोठं पितळी वाद्य कवटाळून चालणारा माणूस मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. लग्नाच्या अल्बममध्येही तो अर्धाच येतो. त्याच्या हातातल्या वाद्याचं नाव युफोनियम. ट्यूबाचं धाकटं भावंड म्हणा. हे नाव ग्रीक शब्दावरून आलंय, अर्थ गोड आवाजाचं. उर्दूत त्याला सरळ 'खुशइल्हान' म्हणता येईल.

हे वाद्य जर्मनीतल्या वायमारमध्ये 1843 च्या सुमारास आलं आणि त्याचं श्रेय सोमर नावाच्या माणसाला दिलं जातं. नळीची लांबी ट्रोम्बोनएवढीच, साधारण नऊ फूट. पण ट्रोम्बोनची नळी बरीचशी एकसारख्या जाडीची असते, म्हणून त्याचा आवाज धारदार. युफोनियमची नळी हळूहळू रुंद होत जाते, त्यामुळे सूर मऊ निघतो, भरदार पुरुषी गळ्यासारखा. अडचण एवढीच की हे वाद्य उशिरा जन्मलं. बेथोव्हन 1827 मध्येच वारला होता आणि सिंफनी ऑर्केस्ट्रातल्या खुर्च्या वाटून झाल्या होत्या. पुढे रिचर्ड स्ट्राउस, होल्स्ट अशा काहींनी एखाद्या रचनेत त्याला बोलावलं, पण ते पाहुणा म्हणून. कायमची नोकरी नाही. म्हणून युफोनियमवाल्यांच्या चरित्रांत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो: वाजवता तर उत्तम येतं, पण बसायचं कुठं?

इटलीत त्याला पहिली जागा मिळाली ती गावच्या चौकात. ऑपेराचं तिकीट ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यासाठी गावोगावचे बँड ऑपेरातली गाणी वाजवत, आणि नायकाचा गळा व्हायचा युफोनियम. तिथं त्याच्या जातकुळीच्या वाद्याला 'फ्लिकोर्नो बासो' म्हणतात. पोंकिएल्ली हा संगीतकार पुढे 'ला जोकोंदा' या ऑपेरामुळे गाजला. त्याआधी तो क्रेमोना शहराच्या बँडचा मास्तर होता आणि 1872 मध्ये त्याने या वाद्यासाठी स्वतंत्र कॉन्चेर्तो लिहिला. या वाद्यासाठीच्या अगदी सुरुवातीच्या कॉन्चेर्तोंमध्ये तो मोडतो आणि आजही वाजवला जातो.

याच इटलीतून पोटापाण्यासाठी माणसं अमेरिकेला गेली. सिसिलीत 1873 मध्ये जन्मलेला सिमोने मान्तिया त्यातलाच. जॉन फिलिप सूसाचा बँड तेव्हा अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेला बँड होता, आणि मान्तिया त्यात युफोनियमचा एकल वादक झाला. त्याच्या वाद्याला दोन तोंडं असत, एक मोठं आणि एक लहान. बटण दाबलं की आवाज या तोंडातून त्या तोंडात जायचा, जणू दोन माणसं सवालजवाब करतायत. एका जुन्या आयरिश गाण्यावर त्याने बांधलेल्या करामती आजही विद्यार्थी घाम गाळून बसवतात. पुढे तो आर्थर प्रायरच्या बँडमध्ये गेला. पण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात त्याला खुर्ची मिळाली ती ट्रोम्बोनवादक म्हणून. आपल्या काळातला सर्वांत मोठा युफोनियमवादक, आणि ऑर्केस्ट्रात बसायला दुसरं वाद्य हातात घ्यावं लागलं!

लिओनार्ड फाल्कोनेची गोष्ट मला याहून जवळची वाटते, कदाचित ती एका शिक्षकाची आहे म्हणून. जन्म 1899 चा, दक्षिण इटलीतल्या रोझेतो वालफोर्तोरे या डोंगरातल्या गावात. पहिले धडे गावच्या बँडमध्येच. 1915 मध्ये तो मोठ्या भावाच्या, निकोलसच्या मागोमाग अमेरिकेत मिशिगनला पोचला. तिथं रीतसर शिक्षण घेतलं ते व्हायोलिनचं, कारण पदवी मिळायची तर अशा वाद्यातच. 1927 मध्ये दोघा भावांना एकाच वर्षी नेमणुका मिळाल्या. निकोलस मिशिगन विद्यापीठाच्या बँडचा प्रमुख झाला आणि लिओनार्ड मिशिगन स्टेटच्या. ही दोन विद्यापीठं म्हणजे फुटबॉलच्या मैदानावरचे पक्के वैरी, आणि दोन्हीकडे बँडपुढे उभा एकाच आईचा लेक. पुढे निकोलसचं ऐकणं गेलं. बँड उभा करणाऱ्या माणसाला बँडच ऐकू येईना. 1935 मध्ये त्याच्या जागी दुसरा माणूस आला.

लिओनार्ड मात्र 1967 पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, त्याच पदावर राहिला. त्याच्या ध्वनिमुद्रणांमधला कंप ऐकला की व्हायोलिनची तालीम आठवते. आजच्या काही वादकांना तो कंप जास्त वाटतो. मला नाही वाटत. तो 1985 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने युफोनियमची स्पर्धा सुरू झाली. ती अजून भरते आणि देशोदेशीची मुलं तिथं येतात. ज्या वाद्यावर त्याला पदवी घेता आली नाही, त्याच वाद्याचे प्राध्यापक आता अमेरिकेत जागोजागी आहेत. ब्रायन बोमन हा लष्करी बँडमधला वादक, पुढे टेक्सासमध्ये प्राध्यापक झाला. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये त्याने निव्वळ युफोनियमचा कार्यक्रम केला, तेव्हा ती बातमी ठरली होती.

इंग्लंडमध्ये जागा दिली ती गिरण्यांनी आणि कोळशाच्या खाणींनी. तिथल्या ब्रास बँडमध्ये व्हायोलिन-चेलो नसतात, त्यामुळे चेलोचं काम युफोनियमकडे. ब्लॅक डाइक हा कापडगिरणीचा बँड, ग्राइमथॉर्प हा खाणीचा. दिवसा पाळी, संध्याकाळी तालीम. ग्राइमथॉर्पची खाण 1993 मध्ये बंद झाली, बँड अजून आहे. 1972 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जोसेफ होरोव्हिट्झचा युफोनियम कॉन्चेर्तो पहिल्यांदा वाजला. वादक ट्रेव्हर ग्रूम, साथीला जी. यू. एस. फुटवेअर बँड, म्हणजे बुटांच्या कारखान्याचा. आणि होरोव्हिट्झ कोण? व्हिएन्नातल्या ज्यू घरातला मुलगा, नाझी आल्यावर 1938 मध्ये घरच्यांबरोबर देश सोडून आलेला. निर्वासिताने लिहायचं आणि बूटवाल्यांनी वाजवायचं, हे या वाद्याच्या स्वभावाला धरूनच झालं.

आता डेट्रॉइट. मोटारींच्या या शहरात 1932 मध्ये एका कृष्णवर्णीय, गाण्याबजावण्याच्या घरात बर्नार्ड मॅकिनीचा जन्म झाला. जॅझमध्ये युफोनियम जवळजवळ कुणी वाजवत नव्हतं, याने वाजवलं. फ्रेडी हबर्डच्या 1961 च्या 'रेडी फॉर फ्रेडी' या तबकडीवर वेन शॉर्टर, मॅकॉय टायनर, एल्विन जोन्स अशा बड्यांच्या पंक्तीत त्याचं युफोनियम आहे. सन रा या अवलियाबरोबरही त्याने त्याच वर्षी वाजवलं. आणि त्याआधी डेट्रॉइटच्याच युसेफ लतीफबरोबर.

लतीफचं मूळ नाव विल्यम हडलस्टन. तरुणपणी अहमदिया जमातीमार्फत तो इस्लाममध्ये आला, हजही केला. आपल्या संगीताला 'जॅझ' म्हटलेलं त्याला आवडत नसे, आणि पुढे जिथं दारू विकली जाते अशा जागी वाजवणं त्याने सोडून दिलं. संगीत जायज की नाजायज हा वाद मी इथं काढत नाही, तो आपल्याकडे पुरेसा चालू असतो. पण त्या वादात लतीफसारख्या माणसाचं नाव कुणी घेत नाही, याचं मला नवल वाटतं.

मॅकिनीनेही पुढे नाव बदललं: कियाने झवादी. झवादी हा स्वाहिली शब्द, अर्थ भेट, तोहफा. गुलामीच्या काळातून चालत आलेली नावं टाकून देण्याचे ते दिवस होते. याची किंमत मात्र मोजावी लागते. आर्ची शेपच्या 1972 च्या 'अॅटिका ब्लूज'वर झवादीचं नाव वाचणाऱ्याला हाच हबर्डबरोबरचा मॅकिनी हे आपोआप कळत नाही. एका माणसाची कारकीर्द दोन नावांत वाटली जाते आणि यादी करणारा दोघांनाही छोटं समजतो.

निदान त्याची दोन नावं तरी नोंदलेली आहेत. आपल्याकडे एकही नाही. मेरठला 1885 मध्ये नादिर अली यांनी कंपनी काढली. ते स्वतः ब्रिटिश फौजेतले बँडवाले. तिथली जली कोठी आजही पितळी वाद्यांसाठी ओळखली जाते, तिथली युफोनियम देशभर जातात आणि ती ठोकून घडवणाऱ्यांत आणि वाजवणाऱ्यांत आपली माणसं भरपूर. वाजवणाऱ्याची कारकीर्द मात्र लग्नसराईपुरती. पुढचा ट्रम्पेटवाला ओळ म्हणतो, मागचे तिला उत्तर देतात, वरात मांडवात शिरते आणि बँड बाहेर थांबतो. ज्या निकाहाची शान त्यांनी वाढवली, त्याच्या दस्तरखानवर त्यांना बोलावलंच जाईल असं नाही. माझ्या वर्गातली मुलं फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढे 'मजुरी' लिहितात. वडील वीस वर्षं बँडमध्ये असले तरी. मी विचारलं तर मान खाली घालतात.

या वर्षी मी त्यांना एक काम दिलंय. घरात, मोहल्ल्यात जो कुणी बँडमध्ये वाजवत असेल किंवा वाजवून गेला असेल, त्याचं नाव, वाद्य, बँड आणि साल वहीत लिहून आणायचं. आतापर्यंत अकरा नावं आली आहेत, त्यातली तीन युफोनियमवाल्यांची. एका मुलीने आजोबांच्या नावापुढे कंसात लिहिलंय, 'नोट वाचता यायची'.