कामगार मशीनचा गार्ड का काढतात? एका प्रश्नाचा इतिहास

संशोधनाचा विषय निवडायला आपण महिनोन् महिने घालवतो, पण माहिती कुठून घेणार हे मात्र घाईत ठरवून टाकतो. त्याने उत्तर किती बदलतं, हे आज एका उदाहरणातून पाहू.

मशीनचा गार्ड कामगार स्वतःच का काढतो? बोटं त्याची, जीव त्याचा. तरी तो दाराच्या इंटरलॉकला चुंबक चिकटवतो, नाहीतर जुन्या पॉवर प्रेसच्या दोन बटणांपैकी एक पाचर मारून दाबून ठेवतो. असं का?

इंग्लंडपासून सुरुवात करू. १८४४ च्या फॅक्टरी कायद्याने गिरण्यांमधले फिरते शाफ्ट आणि चाकं झाकणं मालकांना बंधनकारक केलं. हा खर्च आणि सक्ती नको म्हणून मालकांनी १८५५ मध्ये संघटना उभी केली आणि १८५६ मध्ये कायदा सैल झाला. म्हणजे आधी भांडण होतं ते गार्ड बसवायचा की नाही याचं. पण एक गोष्ट तेव्हाही दिसत होती. कातणाऱ्याला पैसे सुतावर मिळत, त्यामुळे साफसफाईसाठी यंत्र थांबवलं की कमाईही थांबायची.

पुढे अमेरिकेत दोन अभ्यास झाले. ते शेजारी ठेवून वाचा.

पहिला क्रिस्टल ईस्टमन यांचा, १९१० चा. पिट्सबर्ग परिसरात एका वर्षात कामावर झालेल्या ५२६ मृत्यूंचा त्यांनी एकेक करून शोध घेतला. ‘कामगार बेफिकीर असतात’ हे मालकांचं ठरलेलं उत्तर त्यांनी तसंच स्वीकारलं नाही. लांबलचक पाळी, उष्णता, आवाज, कामाचा वेग यांत माणसाचं लक्ष किती टिकणार, असं त्यांनी विचारलं.

दुसरा विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिख यांचा, १९३१ चा. त्यांनी ७५,००० अपघातांच्या नोंदी तपासल्या आणि ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात, असा निष्कर्ष काढला. आकडा दणदणीत, म्हणून आजही सेफ्टी ट्रेनिंगमध्ये तो ऐकू येतो. पण नोंदी होत्या विमा दाव्यांच्या आणि मालकांच्या दप्तरातल्या. शिवाय प्रत्येक अपघात एकाच मुख्य कारणाखाली टाकलेला. ‘गार्ड काढला’ ही कृती त्या रकान्यात लगेच बसते. गार्ड लावून जॉब नीट दिसतच नव्हता, ही गोष्ट मात्र बसत नाही.

आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही दोन्ही बाजू दिसत होत्या. कलम २१ यंत्र झाकायची जबाबदारी मालकावर टाकत होतं, तर कलम १११ सुरक्षा साधनात मुद्दाम ढवळाढवळ करणाऱ्या कामगाराला शिक्षा सांगत होतं. त्याने ती का केली, हे विचारायला कायद्यात रकाना नव्हता.

तो प्रश्न जर्मनीत नेटाने विचारला गेला. तिथल्या अपघात विमा संस्थांच्या महासंघाने २००६ मध्ये अहवाल काढला. धातुकामाच्या यंत्रांवरची सुमारे ३७ टक्के संरक्षक साधनं कायमची किंवा अधूनमधून बायपास केलेली असतात, असा अंदाज त्यात आला. इतक्या जणांना एकाच वेळी बेफिकीर म्हणता येत नाही. मग कोणत्या कामाच्या वेळी गार्ड निघतो, हे पाहिलं गेलं. सेटिंग करताना, अडकलेला तुकडा काढताना, साफसफाई करताना गार्ड आड येत होता.

उपायही यातूनच निघतात. सेटिंगसाठी वेगळा मोड द्यायचा, ज्यात मशीन हळू चालेल आणि बटण सोडलं की थांबेल. साध्या चुंबकाने फसणार नाही असा कोडेड स्विच वापरायचा. साफसफाईचा वेळ टार्गेटमध्ये धरायचा. आणि मशीन घेण्याआधीच कामगाराला विचारायचं की गार्ड काढला तर तुझं कोणतं काम सोपं होईल? आयएसओ १४११९ हे मानक डिझाइन करणाऱ्यांना हाच विचार करायला लावतं. बायपास करण्याचं आमिष आधी ओळखा आणि डिझाइनमध्येच ते कमी करा, असं ते सांगतं. नुसती दंडाची पाटी लावली की चुंबक खिशात जातो, इन्स्पेक्टर गेला की परत बाहेर येतो.

तुमच्या डेटामध्ये ‘कारण’ नावाचा रकाना असेल, तर विश्लेषणाआधी तीन गोष्टी शोधा. तो कोणी भरला? कशासाठी भरला? आणि निवडायला पर्याय कोणते होते? हे कळल्याशिवाय टक्केवारी काढू नका.