जनरल मुस्तफा मुग्लाली आणि ओझाल्प हत्याकांड (१९४३) : लष्करी उत्तरदायित्वाचा एक अभ्यास

प्रस्तावना :
१९२३ मध्ये स्थापन झालेल्या तुर्की प्रजासत्ताकात लष्कराला राष्ट्राचे रक्षक म्हणून विशेष स्थान लाभले. पूर्वेकडील कुर्दबहुल प्रदेशात मात्र या लष्कराचे स्वरूप प्रामुख्याने दंडशक्तीचे राहिले. नागरिकांच्या हत्येबद्दल सेनापतीला न्यायालयासमोर उभे करण्याचे प्रसंग तेथे दुर्मीळ होत. जनरल मुस्तफा मुग्लाली यांचा खटला हा त्यांपैकी एक महत्त्वाचा प्रसंग होय.

लष्करी कारकीर्द :
१८८२ मध्ये जन्मलेले मुग्लाली हे ऑटोमन सैन्यातून प्रजासत्ताकाच्या सैन्यात आलेल्या पिढीचे अधिकारी होते. १९३० च्या मेनेमेन येथील धार्मिक उठावानंतर नेमलेल्या लष्करी न्यायालयाचे ते अध्यक्ष होते. या न्यायालयाने अनेकांना मृत्युदंड दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पूर्व सीमेवरील तिसऱ्या सेनेची सूत्रे त्यांच्याकडे होती.

ओझाल्पची घटना :
वान प्रांतातील ओझाल्प हा तालुका इराणच्या सीमेला लागून आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंस कुर्द टोळ्यांचे नातेसंबंध असल्याने गुरांची ने-आण व तस्करी तेथे नित्याची होती. १९४३ मध्ये गुरे पळविल्याच्या प्रकरणात काही गावकऱ्यांना पकडण्यात आले. परंतु न्यायालयाने त्यांपैकी बहुतेकांना मुक्त केले. त्यानंतर जुलै महिन्यात मुग्लाली यांच्या आदेशावरून ३३ गावकऱ्यांना पुन्हा ताब्यात घेऊन सीमेजवळ गोळ्या घालण्यात आल्या. पळून जाताना ते मारले गेले, अशी सरकारी नोंद झाली. न्यायालयाने सोडलेल्या माणसांना सेनापतीने ठार करविले, हे या घटनेचे गांभीर्य होय.

खटला व शिक्षा :
एकपक्षीय राजवटीत हे प्रकरण दडपले गेले. १९४६ मध्ये डेमोक्रॅट पक्षाची स्थापना झाल्यावर विरोधकांनी ते संसदेत उपस्थित केले. निवृत्त झालेल्या मुग्लाली यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला व आदेशाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. मार्च १९५० मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. वयाचा विचार करून तो २० वर्षांच्या कारावासात बदलला. पुढे वरिष्ठ लष्करी न्यायालयाने हा निकाल रद्द केला. फेरसुनावणी पूर्ण होण्यापूर्वीच डिसेंबर १९५१ मध्ये मुग्लाली यांचे निधन झाले. परिणामी अंतिम निर्णय कधीच लागला नाही.

स्मृतीचा संघर्ष :
कवी अहमद आरिफ यांच्या 'तेहतीस गोळ्या' या दीर्घ कवितेमुळे ही घटना लोकस्मृतीत टिकून राहिली. याउलट २००४ मध्ये ओझाल्प येथीलच लष्करी छावणीला मुग्लाली यांचे नाव देण्यात आले. मृतांच्या वारसांना आपल्याच गावी ते नाव वाचावे लागले. सततच्या विरोधानंतर २०११ मध्ये ते काढण्यात आले. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी इराकच्या सीमेजवळ रोबोस्की येथे तुर्की विमानांच्या हल्ल्यात ३४ जण ठार झाले. मृतांत सीमेपलीकडून माल आणणारे कुर्द गावकरी, त्यांतही अनेक अल्पवयीन मुले होती. २०१४ मध्ये लष्करी अभियोक्त्यांनी खटला न चालविण्याचा निर्णय दिला.

निष्कर्ष :
मुग्लाली यांच्यावरील खटला कायद्याच्या स्वाभाविक प्रक्रियेतून नव्हे, तर बदललेल्या राजकारणातून उभा राहिला. त्यामुळे राजकीय गरज संपताच न्यायाची प्रक्रियाही मंदावली. तरीही सेनापतीचा आदेश हा नागरिकांच्या हत्येस कायदेशीर आधार ठरत नाही, हे तत्त्व १९५० च्या निकालाने एकदा तरी उच्चारले. रोबोस्कीच्या वेळी तेवढेही घडले नाही.